जळके तेल आणि आपले डिझेल इंजिन : काय चालते, काय टिकते



आपल्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार असतो. "साहेब, डिझेल परवडत नाही. वड्याच्या गाडीवरचं जळकं तेल स्वस्तात मिळतं. ते गाळून इंजिनात घातलं तर चालेल का?" कोणी गॅरेजमधल्या काळ्या ऑइलबद्दल विचारतो. कोणी टायरपासून काढलेल्या तेलाबद्दल विचारतो. रस्त्याच्या कडेला टाकी लावून 'बायोडिझेल' म्हणून काहीतरी विकतात, ते घ्यावे का, असेही काही बांधवांनी विचारले आहे.

प्रश्न सरळ आहे, पण उत्तर एका शब्दात देता येत नाही. एका शब्दात उत्तर देण्याची चूक मी स्वतः एकदा केली आहे. ती आधी सांगतो.

'चालेल' म्हटले आणि फसलो

माझ्या हद्दीतल्या एका गावात ओढ्यावर इंजिन लावून उन्हाळी कांदा करणारे एक तात्या आहेत. जुने, पाण्यावर थंड होणारे, पाच अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे इंजिन. त्यांच्या मेहुण्याचा तालुक्याच्या गावी भजी-वड्याचा गाडा. तिथले तेल डब्याडब्याने पडून असे. तात्यांनी मला बांधावर गाठून विचारले, तेव्हा मी घाईत होतो. शंभर भाग इंधनात वीस भागांपर्यंत वनस्पती तेल घालून इंजिन चालवल्याचे प्रयोग मी वाचले होते. मी म्हणालो, "गाळून घ्या तात्या, चालेल." आणि मोटारसायकलला किक मारली.

पहिला महिना छान गेला. इंजिन सुरू होत होते, पाणी पडत होते, धुराला भज्यांचा वास येत होता आणि गावात चेष्टा होत होती. तात्यांनी हळूहळू निम्मे डिझेल, निम्मे तेल असे प्रमाण केले. ओढ्याचे पाणी कमी झाले म्हणून इंजिन मंद ठेवून तासन्‌तास चालवू लागले. सहाव्या आठवड्यात एका पहाटे हँडल मारून हात दुखले, तरी इंजिन सुरू होईना. फिटरने खोलले तेव्हा मी तिथे होतो. नोझलच्या तोंडाशी काजळीचा गड्डा बसला होता. पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटल्या होत्या. तळातले ऑइल काठीने ढवळले तर काकवीसारखी तार धरत होते.

कांदा नेमका पोसण्याच्या वेळी होता. इंजिन आठ दिवस बंद राहिले. शेजाऱ्याने विजेच्या पंपाचे पाणी दोन पाळ्या दिले म्हणून पीक पदरात पडले, पण वजन कमी भरले ते भरलेच. तात्या मला एक शब्द वाईट बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही चालेल म्हणालात, ते खोटं नव्हतं. किती दिवस चालेल, ते मी विचारायला पाहिजे होतं."

खरे तर ते मी सांगायला पाहिजे होते. म्हणून आज सविस्तर सांगतो.

हे इंजिन मुळात तेलावर चालले होते काय?

होय. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1897 साली आपले पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखवले. पुढे 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात याच जातीचे एक छोटे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवण्यात आले. डिझेलसाहेबांनी 1912 साली ही हकिगत स्वतः नोंदवली आहे. म्हणजे वनस्पतीचे तेल आणि हे इंजिन यांची ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे.

मग आज अडते कुठे? त्या काळची इंजिने सावकाश फिरणारी, अवजड आणि ढोबळ बांधणीची होती. पुढे जमिनीतून निघणारे डिझेल स्वस्त झाले. इंजिने त्या पातळ डिझेलला जुळतील अशी बारीक आणि वेगवान होत गेली. आपल्या शेतावरचे इंजिन हे पातळ डिझेलसाठी घडवलेले आहे, हे मनाशी पक्के धरावे.

इंजिन इंधन कसे जाळते?

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा प्रचंड तापते आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून इंधनाची फवारणी होते. फवारा धुक्यासारखा बारीक असेल तर प्रत्येक थेंब पूर्ण जळतो. औषध फवारताना पंपाची नोझल खराब झाली की धुके पडायचे सोडून धार पडते, पाने भिजत नाहीत आणि औषध खाली ओघळते, हे आपण पाहिले आहे. इंजिनाचेही तसेच आहे.

आता घट्टपणा पाहा. 40 अंश तापमानाला डिझेलचा घट्टपणा मोजला तर तो 2 ते 4.5 या मापात येतो. त्याच मापात खाद्यतेल 30 ते 40 भरते. म्हणजे तेल डिझेलच्या सुमारे दहापट घट्ट. तळून तळून काळे झालेले तेल त्याहून घट्ट. एवढ्या घट्ट तेलाचे धुके होत नाही, मोठे थेंब पडतात. मोठा थेंब बाहेरून जळतो आणि आत अर्धा कच्चा राहतो. त्यातून तीन बिघाड होतात.

पहिला, नोझलच्या भोकांभोवती काजळी साठते. फवारा आणखी बिघडतो, आणखी काजळी धरते. एकदा हे चक्र सुरू झाले की वेगाने वाढते.

दुसरा, रिंगांच्या खाचेत डिंकासारखा थर बसतो. रिंगा अडकल्या की दाब सुटतो आणि इंजिन सुरू व्हायला त्रास देते.

तिसरा बिघाड सर्वांत लबाड, कारण तो दिसत नाही. न जळलेले तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तळातल्या ऑइलमध्ये उतरते. उष्णतेने दोन्ही मिळून घट्ट होत जातात. ऑइल फिरायचे थांबले की बेअरिंग गेले.

इंजिन अर्ध्या ताकदीवर किंवा नुसते रिकामे चालत असेल तर आतली उष्णता कमी पडते आणि हे तिन्ही बिघाड लवकर होतात. तात्यांचे नेमके हेच झाले.

हे काही माझ्या एकट्याच्या अनुभवावरून सांगत नाही. 1970 च्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर देशोदेशी असे प्रयोग झाले. 1982 साली अमेरिकेतल्या फार्गो या गावी वनस्पती तेलांच्या इंधनावर मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सर्वसाधारण अनुभव असा होता की थोडे तास चालवले तर तेलावर इंजिन डिझेलइतकेच चांगले चालते, पण शेकडो तास चालवले की काजळी, अडकलेल्या रिंगा आणि घट्ट झालेले ऑइल समोर येते. चालणे वेगळे आणि टिकणे वेगळे.

कोणते तेल, काय निर्णय?

'वाया गेलेले तेल' या नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू येतात. त्यांची गल्लत करू नये.

*1. तळणाचे जळके तेल.* हे मुळात वनस्पतीचे तेल. त्यात अन्नाचे कण, मीठ आणि पाणी असते. वारंवार तापल्याने त्यात आम्ल वाढते. हे आम्ल पंपाच्या धातूला खाते. पाण्याने गंज चढतो. कणांनी फिल्टर तुंबतो. तरीही तिन्हींत हेच तेल इंधनाच्या कामी येण्यासारखे आहे. कसे, ते पुढे सांगतो.

*2. गॅरेजमधले काळे ऑइल.* हे इंजिनात कधीही घालू नये. काळ्या ऑइलमध्ये झिजलेल्या लोखंड-तांब्याची बारीक भुकटी, काजळी आणि मुळात ऑइलमध्ये घातलेल्या जस्त व कॅल्शियमच्या औषधांचा अंश असतो. हे जळून जात नाही, त्याची राख होते. ही राख सिलिंडरमध्ये पॉलिश पेपरसारखी काम करते. इंधन पंपातले प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे पंचविसावा हिस्सा. कापडाने गाळलेल्या काळ्या ऑइलमधली भुकटी त्या फटीत शिरली तर पंप गेलाच समजा. "ट्रकवाले मिसळतात की," असे कोणी सांगेल. त्यांचा पंप कितीदा दुरुस्तीला जातो, तेही विचारावे.

वापरलेले ऑइल हा 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. गोचिडांसाठी जनावरांच्या अंगालाही चोळू नये, कारण जनावर अंग चाटते आणि ते पोटात जाते. डब्यात साठवून ज्यांना ते घेण्याचा परवाना आहे त्यांच्याकडे, किंवा त्यांना देणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

*3. टायरचे किंवा प्लॅस्टिकचे तेल.* जुने टायर बंद भट्टीत तापवून हे तेल काढतात. कारखान्याच्या भट्टीत जाळायला ते ठीक. त्यात गंधक साधारण शंभरात एक भाग असते. एप्रिल 2020 पासून देशभरात मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखांत 10 भाग आहे. म्हणजे टायरच्या तेलात गंधक सुमारे हजारपट. गंधक जळून त्याचा वायू होतो, तो पाण्याशी मिळून तेजाब बनतो आणि लायनर, रिंगा, सायलेन्सर खातो. शिवाय हे तेल लवकर पेट घेणारे असते. त्याचा भडका कधी उडेल याचा नेम नाही. घरात, गोठ्यात साठवण्याची ही वस्तू नव्हे.

तेलाचे बायोडिझेल होते म्हणजे काय होते?

तळणाच्या तेलाचा खरा उपयोग हा आहे. बेलाचे पान डोळ्यांपुढे आणा. तीन दले, एक देठ. तेलाचा सूक्ष्म कण असाच असतो. तीन लांब दले एका देठाला जोडलेली. हे तीन-तीनचे जुडगे एकमेकांत अडकते, म्हणून तेल घट्ट असते. तेलात मिथेनॉल नावाचा स्पिरिटसारखा द्रव आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ठरावीक उष्णतेवर ढवळले की दले देठापासून सुटी होतात. देठ म्हणजे ग्लिसरीन. ते जड असल्याने तळाशी बसते. वर राहिलेली सुटी दले म्हणजे बायोडिझेल. शंभर लिटर तेलाला सुमारे वीस लिटर मिथेनॉल लागते आणि जवळजवळ शंभर लिटर बायोडिझेल मिळते.

त्याचा घट्टपणा त्याच मापात 3.5 ते 5, म्हणजे डिझेलच्या अगदी जवळ. ताकद वजनावारी डिझेलपेक्षा सुमारे दहा टक्के कमी, त्यामुळे थोडे जास्त जळते. पण त्यात गंधक जवळजवळ नसते, धूर कमी पडतो आणि साठवायला ते डिझेलपेक्षा सुरक्षित.

ही युक्ती नवी नाही. 1937 साली बेल्जियममध्ये याचे पेटंट घेतले गेले आणि पुढच्या वर्षी अशा इंधनावर प्रवासी बस धावली. 1990 च्या दशकात ऑस्ट्रिया देशातल्या मुरेक या गावच्या शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर असा कारखाना काढला. आधी मोहरीच्या जातीच्या रेपसीडचे तेल, पुढे हॉटेलांतले तळणाचे तेलही ते वापरू लागले. जवळच्या ग्राझ शहराच्या बसगाड्यांत तळणाच्या तेलाचे बायोडिझेल वापरले गेले. साखर आणि दुधाचा सहकार पाहिलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटायला नको.

मग घरीच का करू नये?

कारण मिथेनॉल. हे विष आहे. विषारी दारू पिऊन माणसे आंधळी होतात, मरतात, त्या दारूत बहुतेक वेळा हेच असते. त्याची वाफ श्वासातून आणि द्रव कातडीतूनही शरीरात जातो. ते 65 अंशाला उकळते, पटकन पेटते आणि त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात नीट दिसत नाही. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले मिथेनॉल एखाद्या पोराने पाणी समजून प्यायले तर डॉक्टरलाही फार थोडा वेळ मिळतो. कॉस्टिक सोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो.

शिवाय जळक्या तेलात आम्ल जास्त असते. ते मोजल्याशिवाय सोडा टाकला तर बायोडिझेल होण्याऐवजी डबाभर साबण होतो. चूल, ड्रम आणि बांबू घेऊन करायचे हे काम नव्हे. प्रयोगशाळा आणि परवाना असलेल्या कारखान्याचे आहे.

आपला फायदा कशात?

आता कामाचे बोलू. आधी तेल थेट मिसळून काय वाचते ते पाहू. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटर इंधन घेते. शंभर तासांना शंभर लिटर. हिशोबासाठी डिझेल 90 रुपये आणि जळके तेल 50 रुपये लिटर धरू.

नुसते डिझेल : 100 लिटर, 9,000 रुपये.
वीस टक्के तेल मिसळून : 80 लिटर डिझेलचे 7,200 आणि 20 लिटर तेलाचे 1,000. एकूण 8,200 रुपये.

वाचले 800. तेलात ताकद थोडी कमी म्हणून दोनेक लिटर जास्त जळेल, त्याचे दीडशे-पावणेदोनशे वजा. फिल्टर लवकर बदलावा लागेल, तळातले ऑइल निम्म्या मुदतीत बदलावे लागेल. हे धरले तर बचत जवळजवळ संपते. त्यात एकदा जरी नोझल, रिंगा, गॅस्केट आणि मजुरीचे बिल आले तर दोन-तीन हंगामांची बचत त्यात जाते. आठ दिवस पाणी बंद पडल्याचे मोल तर यात धरलेच नाही. तेल मेहुण्याने फुकट दिले तर हिशोब थोडा बदलतो, हे खरे. पण फिटर फुकट येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून तळणाच्या तेलावर मर्यादा घातली आहे. वारंवार तापवून तेलात जे अपायकारक घटक तयार होतात, ते 25 टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यात वापरायचे नाही. असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची 'रूको' ही मोहीमही 2018 मध्येच सुरू झाली. 2019 च्या ऑगस्टमध्ये सरकारी तेल कंपन्यांनी तळणाच्या तेलापासून बनलेले बायोडिझेल 100 शहरांत विकत घेण्यासाठी प्रस्ताव मागवले. 2018 च्या जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे आपले जळके तेल ही आता विकाऊ वस्तू आहे.

गावातले तेल कुठे आहे ते मोजा. लग्नसराईत आचाऱ्याच्या कढईत उरलेले, यात्रेतल्या भज्यांच्या दुकानांतले, आश्रमशाळेच्या आणि खानावळीच्या स्वयंपाकघरातले, बाजारच्या दिवशी वड्याच्या गाड्यांवरचे. एकेकाचे तेल थोडे असते म्हणून गटारात जाते किंवा पुन्हा कढईत जाते. पुन्हा कढईत गेलेले तेल आपल्याच पोरांच्या पोटात जाते. एखाद्या महिला बचत गटाने झाकणाच्या डब्यांत ते गोळा केले, गाळले, तारीख लिहून ठेवले आणि परवानाधारक गोळा करणाऱ्याला वजनावर दिले, तर चार पैसे गटाला मिळतील आणि ओढाही स्वच्छ राहील. आपल्या जिल्ह्यात हे तेल घेण्याचा परवाना कोणाकडे आहे, याची चौकशी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात करावी. डब्यात पाणी किंवा काळे ऑइल मिसळू देऊ नये. एका डब्याने सगळी खेप नाकारली जाते.

रस्त्यावरचे 'बायोडिझेल'

रस्त्याकडेला टाकी लावून स्वस्तात विकतात ते सगळे बायोडिझेल असतेच असे नाही. कारखान्यातले हलके तेल, टायरचे तेल असे काहीही असू शकते. खऱ्या बायोडिझेलला भारतीय मानक क्रमांक 15607 आहे. विक्रेत्याकडे परवाना, पक्की पावती आणि तपासणीचा दाखला मागावा. तो 'उद्या देतो' म्हणाला तर आपणही उद्याच घ्यावे.

एक साधी खूण सांगतो. नेमके 5 लिटरचे माप भरून वजन करा. डिझेल साधारण 4 किलो 100 ग्रॅम भरते, बायोडिझेल 4 किलो 350 च्या आसपास आणि तळणाचे तेल साडेचार किलोच्या वर. वजन जुळले म्हणजे माल शुद्ध, असे मात्र समजू नये. वजन फार चुकले तर माल नक्की दुसरा आहे, एवढेच कळते.

चांगले बायोडिझेल मिळालेच तर प्रमाण इंजिनच्या कंपनीच्या पुस्तिकेत दिले असेल तेवढेच ठेवावे. सुरुवातीला ते टाकीतली जुनी घाण सोडवते, त्यामुळे पहिला फिल्टर लवकर तुंबतो. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, त्यांवर लक्ष ठेवावे. तांब्या-पितळेच्या किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात साठवू नये. सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नये.

तरीही कोणाला तळणाचे तेल मिसळायचेच असेल तर

माझा सल्ला 'नको' असाच आहे. पण काही बांधव घालणारच, हे मला ठाऊक आहे. तेव्हा निदान एवढे तरी पाळावे.

1. फक्त जुन्या, सावकाश फिरणाऱ्या, एका सिलिंडरच्या, पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात. ट्रॅक्टरमध्ये घालू नये. कॉमन रेल जातीच्या ट्रॅक्टरमध्ये तर अजिबात नको. 50 अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना 1 जानेवारी 2023 पासून धुराचे नवे नियम लागू झाले. त्या नव्या ट्रॅक्टरांची फवारणी फार नाजूक असते. एका चुकीत लाखाच्या जवळ बिल आणि वर हमीही रद्द.

2. तेल दोन-तीन आठवडे उभ्या डब्यात स्थिर ठेवावे. वरचे स्वच्छ तेल काढून घ्यावे, तळचा गाळ टाकावा.

3. पाणी आहे का ते पाहावे. तव्यावर थोडे तेल तापवून पाहावे. चरचर वाजले, फुटले तर त्यात पाणी आहे. ते तेल वापरू नये.

4. दुहेरी मलमलमधून गाळून पुढे इंजिनच्या फिल्टरसारख्या बारीक फिल्टरमधून काढावे. नुसते कापड पुरत नाही.

5. शंभरात दहा भागांच्या वर तेल जाऊ देऊ नये.

6. इंजिन सुरू करताना आणि बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे नुसत्या डिझेलवर चालवावे. त्यासाठी दोन टाक्या आणि मधे कॉक लागतो. रात्रभर पंपात मिश्रण ठेवू नये.

7. रिकामे किंवा मंद चालवू नये. काम नसेल तर बंद करावे.

8. तळातले ऑइल निम्म्या मुदतीत बदलावे. रोज काठी काढून पाहावी. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये, इंधन खाली उतरते आहे.

9. थंडीत बंद ठेवावे. तळणाला पामतेल फार वापरतात. निफाडसारख्या भागात पहाटे पारा दहा अंशाखाली गेला की ते तुपासारखे गोठते आणि नळी तुंबते.

10. मिश्रण चुलीवर तापवू नये. तेलाने भिजलेली फडकी ढीग करून ठेवू नयेत, ती आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतात. असे मिश्रण दुसऱ्याला डिझेल म्हणून विकणे हा गुन्हा आहे.

सुरू व्हायला उशीर, पांढरा धूर, ठोके वाजणे, पाण्याची धार कमी होणे, यांतले एक जरी लक्षण दिसले तरी त्याच दिवशी तेल बंद करून नोझल तपासावी. लवकर काढली तर काजळी ब्रशने निघते, उशीर केला तर छिन्नीने.

डिझेल वाचवण्याचा स्वस्त मार्ग

शेवटी एक सांगतो. पुष्कळ ठिकाणी इंधन पंपापर्यंत पोचण्याआधीच वाया जाते. फूटव्हॉल्व्ह गळका, पाइपला नको तितके वाकण, पट्टा ढिला, एअर फिल्टर धुळीने भरलेला, नोझल दोन-दोन वर्षे न तपासलेली. हे पाच ठिकाणचे दोष काढले तर तेल मिसळून जेवढे वाचते तेवढे तरी डिझेल वाचते, आणि इंजिनालाही धोका नाही. ज्यांच्या शेतात सोय आहे त्यांनी सौर पंपाच्या योजनेची माहिती महावितरणच्या कार्यालयातून घ्यावी.

तात्यांचे इंजिन आज व्यवस्थित आहे. फूटव्हॉल्व्ह बदलला, वाकण कमी केले, आणि मेहुण्याच्या गाड्यावरचे तेल आता डब्यातून परवानाधारकाकडे जाते. परवा भेटले तेव्हा मी विचारले, "काय तात्या, इंजिन चालतंय का?" ते हसून म्हणाले, "चालतंय, साहेब. आणि टिकतंय."

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या इंजिनाविषयी काही शंका असल्यास इंजिनचा प्रकार, अश्वशक्ती आणि रोजचे तास लिहून आपल्या कार्यक्रमाकडे पत्र पाठवावे. उत्तर सविस्तर देऊ. नमस्कार.